घोडेस्वारी शिकायची आहे? मग हे आधी वाचा

फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फाटकाशी गाडी थांबवून लोक जे विचारतात, त्यातलं नेहमीचं इथं एकत्र लिहून ठेवलं आहे. आमचा तबेला पुण्याच्या वेशीबाहेरचा, लहानसा. तरी यातलं बहुतेक सगळं कुठल्याही तबेल्याला लागू पडेल. काही ठिकाणी आमचं मत आहे, ते मत म्हणूनच वाचा.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. कधी आणू?

सहा पुरी झाली की आणा. सात-आठची असेल तर आणखी बरं. आम्ही जन्मदाखला बघत नाही. बसल्यावर पाय खोगिराच्या खाली थोडे तरी उतरतात का, आणि ‘थांब’ म्हटल्यावर मूल थांबतं का, एवढं बघतो. त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. पाच वर्षांची पोर अगदीच हटून बसली असेल तर रविवारी सकाळी घेऊन या. सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, तिला तट्टावर बसवून दोन फेऱ्या मारून आणेल, ती घोड्याला हात लावेल, तबेल्याचा वास कसा असतो ते तिला कळेल. त्याला शिकवणी म्हणत नाहीत आणि त्याचे शिकवणीइतके पैसेही कुणी मागू नयेत.

आई-बाबांना एक विनंती. मूल घोड्यावर असताना कुंपणाबाहेरून “टाच मार, टाच मार!” असं ओरडू नका. मूल तुमच्याकडे बघतं, मुलाचं अंग वळतं, आणि घोडा बिचारा ते वळणं म्हणजे आपल्याला दिलेला इशारा समजून तिकडे निघतो. फोटो खुशाल काढा, फ्लॅश बंद ठेवा.

मी पन्नाशीला आले आहे. आता जमेल का?

जमेल. मोठ्या माणसांना शिकवायला आम्हाला आवडतं, कारण ‘का’ ते एकदा सांगितलं की त्यांच्या डोक्यात बसतं. अडचण असते ती भीतीची. मुलं पडण्याचा विचार करत नाहीत. मोठ्यांना जमिनीपासूनचं अंतर, सोमवारचं ऑफिस आणि घरी कोण काय म्हणेल, हे सगळं एकाच वेळी दिसतं. मग खांदे वर जातात, गुडघे खोगिराला आवळले जातात, श्वास अडकतो. पहिले काही तास आमचं निम्मं शिकवणं ‘श्वास सोडा’ एवढंच असतं.

मणक्याची गादी सरकलेली असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, फिट येत असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आमच्यापासून लपवू नका. गुडघे दुखत असतील तर चढायला लाकडी ठोकळा आहे. तो वापरायला लाजू नका. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून लोंबकळत चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो. आमच्याकडे तरणेताठे मुलगेही ठोकळ्यावरूनच चढतात.

वजनाची मर्यादा आहे का?

आहे, आणि ती स्पष्ट सांगणाऱ्या तबेल्याचा राग धरू नका. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण एक पंचमांशापर्यंतचा भार, तोही खोगिरासकट, ही जगभर पाळली जाणारी वरची मर्यादा. साडेचारशे किलोच्या घोड्याला म्हणजे नव्वद किलो. त्यातले आठ-नऊ किलो खोगीरच खातं. शिकाऊ माणूस धपाधप आपटत बसतो, म्हणून आम्ही त्याहूनही थोडं अलीकडेच थांबतो. बसता येत नसेल तरी जमिनीवरून घोड्याबरोबर काम करायला वजनाची आडकाठी नाही. घोडा हाताळणं, त्याला लांब दोरीवर फिरवणं, हे सगळं शिकता येतं.

माथेरानला, पाचगणीला घोड्यावर बसलो आहे. थेट पुढचं शिकवाल का?

माथेरानला गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे तिथला घोडा हे रोजचं वाहन आहे आणि त्याला वाट पाठ असते. टेबललँडवरच्या घोड्याचंही तेच. लगाम तुमच्या हातात असला तरी तो घोडेवाल्याचा आवाज ऐकून चालतो. तुम्ही न घाबरता बसलात एवढं त्यातून नक्की सिद्ध होतं, आणि ते काही थोडं नाही. पण सुरुवात सगळ्यांची एकाच जागेवरून होते. “मला येतं” म्हणणाऱ्याची मांड आम्ही पाच मिनिटं लांब दोरीवर बघतो. घोडामैदान जवळच असतं.

पहिल्या दिवशी लगेच घोड्यावर बसवणार ना?

बसवू, पण शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. त्याआधी खरारा.

यावर सगळ्यात जास्त नाकं मुरडली जातात. “पैसे बसायचे दिले, घासायचे नाही.” म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोहरकी, म्हणजे तोंडावरचा बांधायचा पट्टा, घालून घोडा बांधलेला असतो. तुम्ही त्याच्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं. आधी मानेवर हात ठेवायचा, उचलून उचलून थोपटायचं नाही, नुसता ठेवायचा. मग रबरी खरारा घेऊन मानेपासून मागे, गोल गोल फिरवत मळ आणि सुटे केस वर आणायचे. हाडं वर आलेल्या जागी, म्हणजे गुडघ्याखाली आणि तोंडावर, तो वापरायचा नाही. त्यानंतर ब्रशने केसांच्या दिशेने झटकायचं. शेवटी खूर. खांद्यावरून हात खाली सरकवत नेला की शिकलेला घोडा पाय स्वतःच उचलून देतो. मग आकडीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे खरवडत माती आणि खडे काढायचे. तळव्याच्या मधोमध त्रिकोणी मऊ भाग असतो, तिथे आकडी जपून.

एवढं होईपर्यंत तुम्हाला कळलेलं असतं की या घोड्याला पोटाखाली गुदगुल्या होतात, डाव्या कानाला हात लावलेला खपत नाही, आणि मानेच्या मुळाशी खाजवलं की तो खालचा ओठ लोंबता सोडतो. घोड्यालाही तुमच्याबद्दल बरंच कळलेलं असतं. खोगीर कुठे टेकतं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कुठे येतो त्या जागा तुमच्या हाताखालून गेलेल्या असतात. तिथं फोड किंवा सूज असेल तर त्या दिवशी तो घोडा काढायचा नाही, हे ठरवायला आमची गरज उरत नाही. खरारा न करता ज्यांना नुसती रपेट मारायची आहे, त्यांच्यासाठी हिल स्टेशन आहेत. आम्ही वाईट वाटून घेत नाही.

मग खोगीर. तंग एकदम आवळायचा नाही. बरेच घोडे तंग लागताना पोट फुगवतात. चार पावलं चालवून पुन्हा बघितला की दोन भोकं सैल निघतो. ज्यांनी हे बघितलं नाही ते चढताना खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली जातात.

डावीकडूनच का चढायचं?

तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून उजवा पाय पलीकडे टाकणं सोयीचं. कमरेची तलवार गेली, वळण राहिलं. बहुतेक घोड्यांना डावीकडची सवय असते, म्हणून शिकताना डावीकडूनच. पुढे दोन्ही बाजूंनी चढता यायला हवं. डोंगरात अरुंद वाटेवर दरी डावीकडे असेल तर काय कराल?

किती दिवसांत शिकेन?

इथंच खरं घोडं पेंड खातं. ‘दहा दिवसांत घोडेस्वारी’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर त्यांच्या घोड्यांची कीव करा.

आठवड्याला दोन तासिका धरल्या तर आमचा अंदाज असा. पहिले काही तास नुसती चाल. थांबवणं, निघणं, डावीकडे-उजवीकडे वळणं, आणि लगाम न ओढता हे सगळं करणं. लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून घ्यायचा, अंगठा वर. नवीन माणूस तोल गेला की लगामालाच लोंबकळतो, आणि दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. म्हणून सुरुवातीला लगाम आम्ही हातात देतच नाही. शिकवणारा मध्ये उभा राहून लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो, तुम्ही हात कमरेवर ठेवून, कधी रिकिबीतून पाय काढून, नुसतं बसायला शिकता. कंटाळवाणं दिसतं. पक्की मांड याच्यातूनच येते.

त्यानंतर दुडकी, आणि इथे बहुतेकांचा महिना-दोन महिने मुक्काम पडतो. चाल चार ठोक्यांची असते, त्यात माणूस आरामात डोलतो. दुडकी दोन ठोक्यांची. तिरके पाय, म्हणजे पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा, जोडीने पडतात, आणि प्रत्येक जोडी बदलताना घोड्याची पाठ तुम्हाला वर फेकते. उपाय म्हणजे एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात लोक पायाच्या जोरावर उभे राहतात, उशिरा बसतात, घोडा पुढच्या ठोक्याला गेलेला असतो आणि दोघांची टक्कर होते. उठायचं ते घोड्याने दिलेल्या झोक्यावर, आपण जोर लावून नाही. ‘एक-दोन, एक-दोन’ मोठ्याने म्हणा, लाज वाटू देऊ नका. एका सकाळी ते अचानक जुळतं. मग सांगतो की गोलात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जातो तेव्हा उठायचं, आणि गाडी पुन्हा रुळावरून घसरते. तेही होतं.

कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल, तीन ठोक्यांचा. गंमत म्हणजे अंगाला तो दुडकीपेक्षा सोपा वाटतो. चार-सहा महिन्यांत बहुतेक जण तिथे पोचतात. भरधाव, म्हणजे चौखूर, आम्ही शिकाऊ माणसाला देत नाही. कुंपणाच्या आत त्याची गरजही नाही.

कपडे काय घालू? जीन्स चालेल?

ताणली जाणारी लेगिंग किंवा ट्रॅक पँट जीन्सपेक्षा बरी. जीन्सची आतली जाड शिवण मांडीला अशी काही घासते की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आमची आठवण येईल. पुढे नियमित येणार असाल तर ब्रिजेस, म्हणजे घोडेस्वारीची खास तंग विजार, घ्या. शॉर्ट्स नको, पोटऱ्या रिकिबीच्या पट्ट्याने सोलून निघतात.

बूट बंद, घोट्यावर चढणारे, आणि टाचेला पाऊण-एक इंच उंची हवी. ती टाच रिकिबीतून पाय आरपार जाऊ देत नाही. पडताना पाय अडकून फरफटत जाणं हा या खेळातला सगळ्यात वाईट अपघात, आणि तो एवढ्याशा टाचेने टळतो. सपाट तळाचे किंवा जाड नक्षीचे ट्रेकिंग बूट दोन्ही नकोत. चपला, फ्लोटर्स घालून आलात तर परत पाठवू.

ओढणी नको. स्कार्फ, लोंबती कानातली, कडी, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा, मंगळसूत्र टी-शर्टच्या आत घ्या. केस बांधा.

हेल्मेट तुम्ही देता का? माझं बाइकचं आणू?

देतो. हनुवटीखाली पट्टा बांधल्याशिवाय कुणीही चढत नाही, शिकवणारासुद्धा नाही. बाइकचं हेल्मेट जड असतं, मानेवर भार येतो आणि बाजूचं दिसत नाही. सायकलचं मागे पुरेसं खाली येत नाही. नियमित येणार असाल तर स्वतःचं घ्या, दुसऱ्याच्या घामाचं किती दिवस घालाल? एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं, आतला थर दबलेला असतो.

पडलो तर?

पडाल. कधी ते सांगता येत नाही. बहुतेकदा घोडा उधळून नाही, तर तो वळला आणि तुम्ही सरळ गेलात म्हणून.

पडतोय हे कळलं की रिकिबीतून पाय काढा. हात सरळ करून जमिनीवर टेकवायला जाऊ नका, मनगट किंवा गळपट्टीचं हाड त्यातच मोडतं. अंग गोळा करून घोड्यापासून लांब लोळण घ्या. घोडा शक्यतो माणसावर पाय देत नाही, पण त्याच्यावर भरवसा ठेवून तिथेच पडून राहायचं कारण नाही. डोक्याला मार लागला असेल, उलटी किंवा चक्कर असेल, तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर नाही, थेट डॉक्टरकडे. ‘पडलं की लगेच पुन्हा चढायचं’ हे ऐकायला मर्दानी वाटतं. डोक्याच्या माराला ते लागू नाही.

घोडा उधळलाच, तर दोन्ही लगाम एकदम खेचून धरू नका, तो त्यावर रेलून आणखी जोर करतो. मागे बसा, एक लगाम आखूड करत त्याला गोलात वळवा. गोल लहान होत गेला की वेग आपोआप उतरतो.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. त्याचे जंतू तबेल्याच्या मातीत, लिदीत असतातच.

घोडा चावतो का? लाथ मारतो का?

दोन्ही करू शकतो, आणि दोन्हीच्या आधी सांगतो. कान मागे चपटे, नाकपुड्या आवळलेल्या, शेपटी जोरात झटकणं, मागचा एक पाय हलका उचललेला. यातलं काही दिसलं तर थांबा.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं. फक्त थेट मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं नाही. मागून गुपचूप आलेली कुठलीही गोष्ट त्याच्या लेखी वाघ असतो. म्हणून मागून जायचंच झालं तर बोलत, त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून, अगदी चिकटून जा, नाहीतर चांगलं दहा फूट लांबून. मधल्या अंतरावर लाथ पूर्ण ताकदीने बसते.

चावण्याची सवय बहुतेकदा माणसांनी लावलेली असते, हातातून सतत काहीतरी भरवून.

मग गाजर, गूळ आणू नको का?

आणा, पण आमच्याकडे द्या. काम झाल्यावर चंदीत घालू. स्वतः भरवायचं असेल तर तळहात सपाट, अंगठा आत. गाजर लांब लांब चिरा, गोल चकत्या घशात अडकतात. पाव, बिस्किटं, शिळ्या पोळ्या, समारंभातलं उरलेलं नको. घोड्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच जाणार, आणि अडकलं तर पोटशूळ. चांगला धडधाकट घोडा एका रात्रीत त्यात जातो.

तुमचे घोडे कुठल्या जातीचे?

मिश्र आहेत. पुण्यात रेसचा मोसम पावसाळ्यात आणि मुंबईत हिवाळ्यात असतो, त्यामुळे या भागातल्या तबेल्यांत रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचे घोडे, बरेच येतात. उंच, देखणे, पातळ कातडीचे. धावणं सोडून दुसरं काही त्यांना शिकवलेलं नसतं. लगाम ताणला की ते थांबण्याऐवजी त्यावर रेलून पुढे सरकतात. त्यांना नव्याने घडवायला महिने जातात. रेसकोर्सवरून आला आणि पंधरवड्यात शिकाऊ मुलांखाली दिला, असं कुठे दिसलं तर तिथे मूल पाठवू नका.

मारवाडी आणि काठेवाडी कानांवरून ओळखता येतात, टोकं आत वळून एकमेकांना भेटायला आलेली असतात. आपल्याकडचं भीमथडी तट्टू त्या मानाने ठेंगणं, पण काटक. मराठ्यांच्या फौजांना त्याने लांब लांब नेलं. आज ते मुख्यतः धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरताना दिसतं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मुलांना शिकवायला शांत स्वभावाच्या तट्टासारखं दुसरं काही नाही, असं आमचं ठाम मत आहे. उंच घोड्याचा सोस पालकांना असतो, मुलांना नाही.

तबेला चांगला की वाईट, नवख्या माणसाने कसं ओळखावं?

फी विचारायच्या आधी एक चक्कर मारा. चक्कर मारू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

घोड्यांकडे बघा. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांनी मोजता येऊ नयेत. खोगीर उतरवलेल्या घोड्याच्या मानेमागचा पाठीवरचा उंचवटा आणि पाठीच्या दोन्ही बाजू नीट बघा. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर तिथेच पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर खोगिराने पूर्वी जखमा झाल्या होत्या. एखाद्या घोड्यावर असले तर तो तसाच विकत आलेला असू शकतो. आमच्याकडेही असा एक आहे. पाचातल्या चार घोड्यांवर असतील तर मग प्रश्न खोगिरांचा आणि मालकाचा आहे. तोंडाचे कोपरे बघा, चिरलेले नकोत. तंगाच्या जागेवर केस गेलेले नकोत. खूर एकसारखे कापलेले आहेत का, नाल सैल होऊन वाजतो का. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. शेवटचा कधी आला विचारा, उत्तर लगेच आलं पाहिजे.

पाणी बघा. बादलीत हिरवं शेवाळ आहे की स्वच्छ. घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून खूप जास्त. खाली कोरडं आहे का. अमोनियाचा वास डोळ्यांत चुरचुरत असेल तर घोड्याच्या फुप्फुसांचं काय होत असेल?

मग एक तासिका चालू असताना उभे राहा. काम संपलेला घोडा घामाघूम अवस्थेत तसाच बांधतात की दहा मिनिटं चालवून, तंग सैल करून थंड करतात? एकाच घोड्यावर सकाळभर एकामागून एक माणसं चढतात का? दिवसाला एका घोड्याकडून किती तासिका घेता, हे सरळ विचारा. शिकवणारा मैदानात आहे की खुर्चीत फोनवर? या भागात अनेक शिक्षक लष्करातून निवृत्त झालेले स्वार असतात. आवाज मोठा, शिस्त कडक. त्याने बिचकू नका. ते घोड्यावर ओरडतात की तुमच्यावर, तेवढं बघा. तुमच्यावर ओरडत असतील तर चांगलं लक्षण आहे.

शेवटचं, ग्लँडर्सच्या तपासणीबद्दल विचारा. हा आजार घोड्याकडून माणसालाही होऊ शकतो. रक्ताचा नमुना तपासतात, आणि बाधा पक्की झाली तर कायद्याने तो घोडा ठेवता येत नाही. अहवाल दाखवायला कुणालाही अडचण नसावी.

फी किती? आणि इतकी का?

गावाजवळच्या लहान तबेल्यात तासिकेला काही शे रुपये, शहरातल्या किंवा क्लबातल्या ठिकाणी हजार ते दोन हजार, असं धरून चाला. आमचं दरपत्रक फोनवर पाठवतो. एकट्याची शिकवणी महाग पडते, तिघा-चौघांची स्वस्त. सुरुवातीला लांब दोरीवर एकट्याची घ्या, मग गटात जा. पैसे तिथे सार्थकी लागतात.

‘इतकी का’ याचं उत्तर असं, की तुम्ही आठवड्यातून दोनदा येता, घोडा रोज खातो. हरभरे, ओट, कोंडा, लसूणघास, वाळलेलं गवत, सईसाचा पगार, नालबंद, डॉक्टर. जो घोडा लंगडतो तो महिनाभर काम न करता खातो, आणि औषधं वेगळी. फार स्वस्त दर दिसला तर यातलं कुठलं तरी एक कमी केलेलं असतं.

सुट्टी घेणार असाल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा. सकाळी सहाला कळवलेल्या सुट्टीचे पैसे लागतात, कारण तोवर घोड्यावर खोगीर चढलेलं असतं.

पावसाळ्यात चालू असतं का?

रिमझिमीत चालू, धो-धो पावसात बंद. वर छप्पर असलेलं मैदान आमच्याकडे नाही. चिखलात घोड्याचा पाय घसरून स्नायू दुखावण्यापेक्षा तुमची तासिका पुढे गेलेली बरी. त्या दिवशी यायचंच असेल तर या, चामड्याचं सामान तेल लावून ठेवायचं असतं. पावसाळ्यात ते दोन दिवसांत बुरशी धरतं.

पाळीच्या दिवसांत येऊ का?

तुम्हाला बरं वाटत असेल तर या, नसेल तर पुढची तासिका घ्या. घोड्याला काही फरक पडत नाही. हा प्रश्न मुली बहुतेकदा आईच्या फोनवरून, खूप उशिरा विचारतात, म्हणून इथे लिहून टाकला.

पुढे स्पर्धेत उतरता येईल का?

येईल. या खेळात ऑलिंपिकमध्येसुद्धा स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात, आणि पन्नाशीतले स्वार विशीतल्यांना हरवतात. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीतलं भारताचं त्याआधीचं सुवर्ण 1982 च्या दिल्लीतलं. 2021 मध्ये फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगच्या (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि उड्या अशा तिहेरी स्पर्धेच्या) अंतिम फेरीपर्यंत गेला होता. ड्रेसाजमध्ये उड्या नसतात, वेग नसतो. घोडा स्वाराच्या न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर किती अचूक आणि सैल अंगाने चालतो याचे गुण असतात. म्हणजे ज्या चालीला आमची मुलं कंटाळतात, तिचंच ते टोक.

मुंबईत महालक्ष्मीला 1942 पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. कॉलेजात असाल तर एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी शाखेची चौकशी करा. तिथे कॅडेटना घोडेस्वारी शिकवतात आणि खिशाला फारशी झळ बसत नाही. स्पर्धांची नियमावली भारतीय अश्वारोहण महासंघाची. पण हे सगळं दुडकी जमल्यानंतर.

स्वतःचा घोडा घ्यावा म्हणतो. सारंगखेड्याहून आणू का?

दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या यात्रेला जरूर जा, तापीकाठी हिंडून घोडे बघा, तसा बाजार दुसरीकडे बघायला मिळणार नाही. पाकीट मात्र घरी ठेवा. तिथले नाचवलेले, सजवलेले घोडे बघून भल्याभल्यांचा हात खिशात जातो, आणि मग फोन येतो, “घोडा घेतलाय, तुमच्याकडे ठेवाल का?” विकत घेण्याचा खर्च एकदाच होतो. पोसण्याचा खर्च रोजचा, आणि तोही पुढची वीस वर्षं. आधी वर्षभर नियमित शिका. मग एखाद्या तबेल्यातला घोडा महिन्याच्या बोलीवर अर्धा वाटून घ्या, त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बघा. त्यानंतरही वाटलं तर पशुवैद्याला बरोबर नेऊन घ्या. पंचकल्याणी आहे, भोवरा शुभ आहे, म्हणून घेतलेला घोडा लंगडा निघाला की भोवरा काही कामाला येत नाही.

पहिल्या तासिकेला कधी यायचं, काय आणायचं?

सकाळी सव्वासहाला. तासिका साडेसहाची असली तरी अर्ज भरायचा असतो, हेल्मेट मापाचं शोधायला वेळ लागतो. पोटात काहीतरी हलकं असू द्या, केळं चालेल, मिसळ परतीच्या वाटेवर खा. पाण्याची बाटली, हातरुमाल, आणि अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही. अत्तर, परफ्यूम मारून येऊ नका, घोडे नाक उडवतात आणि माश्या जमतात. गाडी फाटकाबाहेर चिंचेखाली लावा आणि आल्याची वर्दी द्यायला हॉर्न वाजवू नका. आत कुणीतरी पहिल्यांदाच घोड्यावर चढत असेल.